विद्यार्थ्यांनीच चालवलेला स्पोर्ट्स क्लब सोलापुरात टिकेल का?

तिसरं_सेमिस्टर
मंडळी, मी केगावला विद्यापीठाच्या आवारात एमएस्सी करते. हॉस्टेलवरचे आम्ही सहासात जण संध्याकाळी फ्रिस्बी खेळायचो. आता वीसेक टाळकी जमतात, शहरातल्या कॉलेजांतली पोरंपोरीही बस पकडून येतात. परवा कुणीतरी म्हणालं, रीतसर क्लब काढू या. सगळे हो म्हणाले, पण म्हणजे नक्की काय काढायचं हे एकालाही सांगता येईना.

विद्यापीठाचा संघ वेगळा. तिथे निवड चाचणी, बारा-पंधरा जण आत, बाकीचे घरी. आम्हाला हवंय ते असं: ज्याला खेळायचंय त्याने यावं, वेळ आम्ही ठरवू, पैसे आम्ही जमवू, मॅच कुणाशी लावायची तेही आम्हीच बघू. ग्रेसचे मार्क नकोत, ब्लेझर नको. अमेरिकेत असे क्लब असतात म्हणे. आपल्याकडे कुणी केलंय का? मैदान कसं मिळवलंत? पैशावरून भांडणं झाली का?

आणि आम्ही पुढच्या वर्षी बाहेर पडणार. मग पुढे कोण?

पार्कवरचा_बाकडा
फ्रिस्बी म्हणजे कुत्र्याला टाकतात ती ना बे?
शेंगा घेऊन बसलो आहे. चालू द्या.

तिसरं_सेमिस्टर
तीच. कुत्रा नाही म्हणून आम्हीच पळतो.

तालमीतला_गणू
यात नवीन काय आहे ताई? आपल्या गावात पोरं हेच करत आली आहेत. गल्लीत मंडळ असतं, मंडळाची कबड्डीची टीम असते, वर्गणी पोरंच काढतात, मैदान पोरंच आखतात, बाहेरगावच्या स्पर्धेला टेम्पो पोरंच ठरवतात. ना विद्यापीठ, ना सर. अमेरिकेने आपलं बघून शिकावं. मंडळाच्या नावाने खेळा, रजिस्ट्रेशनची कटकट नाही आणि वरनं गणपतीत मांडवासमोर जागा.

खोखोवाली_माळशिरस
गणूभाऊ, त्या मंडळाच्या टीममध्ये पोरी किती असतात?

तालमीतला_गणू
...पोरींची वेगळी काढता येईल की.

बाळीवेस_ते_इंडियाना
मी इकडे मास्टर्स करताना युनिव्हर्सिटीच्या क्रिकेट क्लबचा खजिनदार होतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

इकडे तीन थर असतात. सगळ्यात वर युनिव्हर्सिटीचा अधिकृत संघ: पगारी कोच, शिष्यवृत्त्या, टीव्हीवर मॅच. सगळ्यात खाली इंट्राम्युरल, म्हणजे आवारातल्या आवारात हॉस्टेल विरुद्ध हॉस्टेल. मधला थर क्लबांचा. क्लब दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या क्लबांशी खेळतो, पण चालवतात विद्यार्थी. अध्यक्ष, खजिनदार, सेफ्टी ऑफिसर हे आपल्यातूनच निवडायचे. घटना लिहायची, दर सेमिस्टरला वर्गणी ठरवायची, कोच हवा असेल तर तोही आपणच शोधायचा. युनिव्हर्सिटी मैदानाची वेळ देते, थोडे पैसे देते आणि एक कर्मचारी नेमते, जो तुमचे कागद तपासतो.

कागद भरपूर. प्रत्येक खेळाडूने 'इजा झाली तर जबाबदारी माझी' असं लिहून द्यायचं. सरावाला सीपीआर येणारा एक माणूस हजर हवा. बाहेरगावी जायचं तर नावं, गाडी, मुक्काम आधी कळवायचा. आमच्याकडून एकदा यादी द्यायची राहिली, तर पुढच्या आठवड्याची मैदानाची वेळ गेली. आरडाओरडा नाही, सरळ रग्बीवाल्यांना देऊन टाकली.

पैशाचं: दरवर्षी प्रत्येक क्लब विद्यार्थ्यांच्याच समितीपुढे जाऊन बजेट मांडतो. मागच्या वर्षी दिलेल्याचं काय केलं, किती जण खेळले, स्वतः किती जमवले. ज्याने स्वतः काहीच जमवलं नाही त्याला काहीच मिळत नाही. खजिनदार म्हणून माझं निम्मं काम मात्र वर्गणी थकवणाऱ्यांच्या मागे लागण्याचं. देशी पोरं बुडवतात आणि गोरी देतात असं अजिबात नाही, सगळे एका माळेचे मणी.

तुमच्या खेळाला हे मॉडेल फिट बसतं. अल्टिमेट फ्रिस्बी (चकतीचा हा सांघिक खेळ) 1968 मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या पोरांनीच काढला. त्यात पंच नसतो, फाऊल झाला की खेळाडू आपसात बोलून मिटवतात.

पार्कवरचा_बाकडा
पंच नाही आणि आपसात बोलून मिटवतात? सोलापुरात??
रुग्णवाहिकेचा नंबर आधी लिहून ठेवा.

जिमखान्यातले_सर
मी निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक. नोकरीभर पोरांनी 'पीडी सर' म्हणून हाक मारली, त्यामुळे गणूचं 'ना विद्यापीठ, ना सर' हे वाचून जरा लागलं. असो.

आधी विद्यापीठाच्या संघाचं गणित समजून घ्या. महाविद्यालयांच्या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, त्याच्यावर अखिल भारतीय. नियम भारतीय विद्यापीठ संघाचे, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या संघटनेचे. वय 17 ते 25, पूर्णवेळ विद्यार्थी, पात्रतेचा अर्ज, मार्कशीट, बोनाफाईड. एक कागद चुकला तर अख्खा संघ बाद होतो आणि शिव्या सरांना. तिकडे जागाच मोजक्या असतात, तर 'या सगळे खेळायला' कसं म्हणणार? तेव्हा तुम्ही म्हणता तो मधला थर आपल्याकडे खरोखर नाही, हे मान्य.

पण पोरांनी चालवायचं म्हणजे सगळंच चालवायचं. माझा अनुभव असा की निर्णय पोरांना हवे असतात, चुना मात्र सरांनी आणायचा. आमच्या एका हौशी गटाने खो-खोचं मैदान स्वतः आखायचं ठरवलं. खांबाखांबात 24 मीटर, दोन्हीकडे दीड-दीड मीटर मोकळं, एकूण लांबी 27, रुंदी 16. आकडे सगळ्यांना पाठ. टेप धरला, सुतळी ताणली, फक्की मारली, आणि लांबून बघितलं तर मैदान पतंगासारखं तिरकं. काटकोन कुणी घेतलाच नव्हता. मी बाकावर बसून सगळं बघत होतो. मग उठलो, कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरपा पाच येईपर्यंत सुतळी हलवायला लावली. आठवीचा पायथागोरस, सगळे बीएस्सीचे विद्यार्थी. पुसून पुन्हा मारलं तेव्हा दोन पिशव्या फक्की वाया गेली होती, पण त्यानंतर त्या गटाने मला मैदानासाठी कधी बोलावलं नाही.

सल्ला विचाराल तर, 'क्लबला परवानगी द्या' असा अर्ज कधीही करू नका. परवानगी म्हटलं की फाईल तयार होते, आणि फाईल बसते. 'सोमवार-बुधवार-शुक्रवार, सहा ते साडेसात, मैदानाचा अमुक कोपरा, इतके विद्यार्थी, जबाबदार विद्यार्थी हे दोन' एवढंच मागा. याला हो किंवा नाही लगेच म्हणता येतं.

हिशेब_पक्का
सरांच्या शेवटच्या परिच्छेदाला +1. हीच गोष्ट पैशालाही लागू.

व्यवसायाने सीए आहे म्हणून सांगतो. 'रीतसर क्लब' म्हटलं की लोक धावत संस्था नोंदवायला येतात. 1860 च्या कायद्याखाली संस्था काढायला किमान सात सदस्य लागतात, मग आपल्याकडे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद, मग दरवर्षी हिशेब तपासणी, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज. तुमचे पदाधिकारी दरवर्षी बदलणार. वीस पोरांच्या चकतीसाठी हा व्याप करू नका.

त्याहून वाईट म्हणजे एकाच्या मोबाईल नंबरवर सगळ्यांनी पैसे पाठवणं. त्याच खात्यात त्याची मेसची उधारी, घरून आलेले पैसे आणि क्लबची वर्गणी. सहा महिन्यांनी त्यालाच सांगता येत नाही काय कुणाचं. बदमाषी नसते, गोंधळ असतो, पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दोन-तीन जणांच्या नावाने संयुक्त बचत खातं, दोन सह्या, आणि महिन्याच्या एक तारखेला ग्रुपवर पासबुकाचा फोटो. संपलं.

तालमीतला_गणू
पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाकला तर आमच्या मंडळाचा अध्यक्ष गाव सोडून जाईल 😀

शिवाजी_विद्यापीठवाला
जुन्या जमान्याचं थोडं.

2004 पर्यंत सोलापूरची कॉलेजं शिवाजी विद्यापीठात. पुढच्या फेऱ्या, निवड, सगळं कोल्हापूरकडे. रात्रीची एसटी, सकाळी थेट मैदानावर, पाठीला अजून सीटचा दांडा रुतलेला. मग ऑगस्ट 2004 मध्ये एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ झालं. बार्शी, पंढरपूर, सांगोला, अकलूज, सगळं दोन-तीन तासांत. तुम्हाला क्लब-क्लबांत मॅच लावायच्या तर याच्यासारखी सोय नाही: सकाळी निघा, दोन मॅच खेळा, रात्री घरी जेवायला.

पण 'विद्यार्थ्यांनी चालवायचं' म्हटलं की मला जिमखाना सेक्रेटरीच्या निवडणुका आठवतात. सेक्रेटरी कबड्डी येते म्हणून निवडून यायचा नाही, जातीवर आणि वडापाववर यायचा. मग नेट कुणाला, बॅट कुणाला, तेही त्याच हिशेबाने. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर नेमणूक आली. 2016 च्या कायद्यात निवडणूक परत लिहिली गेली आहे. ती आली की तुमच्या चकतीलाही पॅनेल लागेल, बघाच.

खोखोवाली_माळशिरस
वरच्या दोघाही ज्येष्ठांना आदर ठेवून विरोध.

मी कॉलेजकडून खो-खो खेळले. आमच्या वेळी (कॉलेजचं नाव घेत नाही) स्पर्धेहून आलं की एका कागदावर सह्या घ्यायचे. प्रवासभत्ता, भोजनभत्ता. कागदावर रक्कम किती हे कुणी विचारायचं नाही, सही कर म्हणाले की करायची. हातात वडा-चहाचे पैसे आले तरी खूष. सेक्रेटरी वडापाववर निवडून येत असेलही, पण आम्ही विचारू तरी शकलो असतो त्याला. या सरांना कोण विचारणार होतं?

दुसरं, पोरींचं. मंडळ चालतं, गल्लीतलं क्रिकेट चालतं, टर्फवरचं बॉक्स क्रिकेट तर रात्री बारापर्यंत चालतं. यातल्या एकाही ठिकाणी पोरगी एकटी जाऊन 'मला पण खेळायचंय' म्हणू शकत नाही. कॉलेजचा संघ हा एकच दरवाजा, आणि तो निवड चाचणीच्या दिवशी अर्धा तास उघडतो. त्या दिवशी पाय मुरगळला की वर्ष गेलं.

आमच्याच तालुक्यातल्या मिऱ्याची किरण नवगिरे बघा. आधी भालाफेक, गोळाफेक, धावणं. क्रिकेटकडे नंतर वळली. 2022 मध्ये नागालँडकडून टी-20 सामन्यात 162 ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. विशीत खेळ बदलणारी पोरगी आपल्या पद्धतीत कुठे जाणार? चाचणीला आलेल्यांना आधीच खेळ येत असतो. न येणाऱ्याला शिकायची जागाच नाही. म्हणून या ताईच्या क्लबला माझा पाठिंबा आहे, चकती असो नाहीतर विटीदांडू.

फक्त सहा ते साडेसात ही वेळ हिवाळ्यात पोरींच्या उपयोगाची नाही. केगावहून शहरात परतायला अंधार होतो. सकाळचं बघा.

जिमखान्यातले_सर
भत्त्याचं तुम्ही लिहिलंत ते घडतं, नाही म्हणणार नाही. सगळीकडे घडतं असंही म्हणू नका. माझ्या रजिस्टरात रकमेचा आकडा अक्षरी लिहून मगच सही असे.

खोखोवाली_माळशिरस
तुमच्याबद्दल नव्हतं सर. तुमच्यासारखे असते तर मी आज इथे एवढा परिच्छेद लिहिला नसता.

सात_रस्ता_सिग्नल
क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर: पॉली उम्रीगर सोलापूरचे, हे आजकालच्या पोरांना माहीत आहे का?

पार्कवरचा_बाकडा
आला. प्रत्येक धाग्यात उम्रीगर.

सात_रस्ता_सिग्नल
येणारच! 1926 ला इथे जन्म. 1948 मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून शतक मारलं आणि त्यावर कसोटीत घेतलं. विद्यापीठ क्रिकेटमधून थेट कसोटी. पुढे 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223, भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. तेव्हा धाग्याशी संबंध आहे.

बाळीवेस_ते_इंडियाना
संबंध आहे, मान्य. पण तो अधिकृत संघ झाला, क्लब नव्हे. 😛
जानेवारी 2024 ला पार्क स्टेडियमवर रणजी झाली, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. माझा भाऊ ऑफिस बुडवून गेला होता आणि मी इकडे रात्रभर जागून त्याचे व्हिडिओ कॉल बघत होतो. त्याचा कॅमेरा निम्मा वेळ भेळेवर.

उन्हाचा_डॉक्टर
विषयाकडे येतो. फेब्रुवारी संपला की इथे संध्याकाळचा सराव बंद करा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, आणि सूर्य बुडाला तरी जमीन तापलेलीच असते. सकाळी सहाला सुरू, साडेसातला बंद. सुट्टीवरून आलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पळवू नका, आठवडा-दहा दिवस हळूहळू वाढवा. खेळाडू असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या देऊ लागला तर 'पाणी पी आणि बस' म्हणून सोडू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना. अमेरिकेतला सेफ्टी ऑफिसर तुम्हाला कागदावर नको असेल, पण हे बघणारा एक जण ठेवाच.

फुटबॉल_विजापूररोड
मूळ प्रश्न 'कुणी केलंय का' असा होता ना? आम्ही केलंय. आणि ते बंद पडलंय. दोन्ही सांगतो.

इंजिनिअरिंगला असताना तीन कॉलेजांच्या पोरांनी मिळून फुटबॉल सुरू केला. नाव ठेवलं, जर्सी छापल्या, लोगोवर भांडलो. (लोगोवर जेवढं भांडलो तेवढं गोल खाल्ल्यावर भांडलो नाही.) नेहरूनगरच्या मैदानावर जायचो. तिथे सकाळी चालायला येणाऱ्या काकू लोकांशी पहिली लढाई. शेवटी असं ठरलं की त्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत आम्ही फक्त पासिंग करायचं, लांब किक नाही. त्यातल्या एका काकूंनी नंतर आम्हाला शेंगांचे लाडू आणून दिले. होम मैदानाचंही बघितलं होतं, पण जानेवारीत गड्डा यात्रा भरते तिथे, ऐन सीझनला हातातून जाणार.

पैशावरून भांडणं? झाली, पण क्लब त्याने बंद पडला नाही. बंद पडला कारण सगळं एका पोराच्या डोक्यात होतं. बॉल त्याच्याकडे, हवा भरायचा पंप त्याच्याकडे, ग्रुपचा ॲडमिन तो, मैदानावरच्या शिपायाशी ओळख त्याची, पंढरपूरच्या टीमच्या कॅप्टनचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये. त्याला पुण्यात नोकरी लागली. आम्ही त्याला निरोपाची पार्टी दिली, हार घातला, चादर दिली, आणि पंप मागायला विसरलो.

पुढच्या रविवारी सतरा जण मैदानावर होते आणि बॉल मऊ. दोन रविवार असे गेले. तिसऱ्याला कोण आलं कोण नाही ते मलाही माहीत नाही, मी गेलो नव्हतो.

बाळीवेस_ते_इंडियाना
हे वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. इकडे यावर एक साधी युक्ती करतात. नवे पदाधिकारी वर्ष संपल्यावर निवडत नाहीत, फेब्रुवारी-मार्चलाच निवडतात. म्हणजे जुने दोन-तीन महिने बाजूला उभे राहून बघतात, चावी कुणाची, नंबर कुणाचा, पैसे कुठे. मे महिन्यात जुने गेले तरी काही अडत नाही.

हिशेब_पक्का
खात्याच्या सह्याही तेव्हाच बदला. आणि दोन सह्यांपैकी एक कायम खालच्या वर्गातल्या विद्यार्थ्याची.

शिवाजी_विद्यापीठवाला
आणखी एक. केगावच्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग. दोन वर्षांचा मुक्काम, त्यातलं शेवटचं सेमिस्टर प्रोजेक्टमध्ये. नुसत्या एमएस्सीच्या जोरावर क्लब उभा राहणार नाही. शहरातल्या कॉलेजांतली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं पदाधिकारी करा, ती तीन-चार वर्षं इथेच आहेत. पॅनेलचं मी चेष्टेत लिहिलं होतं, पण खजिनदार हात वर करून निवडायला हरकत नाही.

तिसरं_सेमिस्टर
सगळ्यांचे आभार. काल बसून ठरवलं ते असं. नोंदणी नाही. संयुक्त खातं, तीन नावं, त्यात बीएस्सी पहिल्या वर्षाची एक मुलगी. सराव सकाळी. फेब्रुवारीत नवे पदाधिकारी. चकत्या, कोन आणि मोजायचा टेप हॉस्टेलच्या कपाटात, दोन चाव्या दोघांकडे. बार्शीच्या एका कॉलेजात दोघं फ्रिस्बी खेळतात असं कळलंय, त्यांना पाच जण जमवा म्हटलंय. सातची टीम होत नसेल तर पाच-पाच खेळू.

सर, अर्जाचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. 'अल्टिमेट' शब्द गाळू का? वाचणाऱ्यांना ते कुस्तीसारखं काहीतरी वाटेल अशी भीती वाटते.

जिमखान्यातले_सर
वाचला. 'चकतीचा खेळ' लिहा. मैदान 100 बाय 37 मीटर मागितलंय, तेवढा कोपरा कुणाकडेच नसतो. निम्मं मागा. आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक' एकदाच लिहा, दोनदा आलंय.

तालमीतला_गणू
बक्षिसाला चादर आमच्या मंडळातर्फे. पोरींच्या टीमला डबल बेडची.

सात_रस्ता_सिग्नल
रविवारी बघायला येऊ का? शाळेत असताना थाळीफेक करायचो. वय जरा जास्त आहे, पण हात अजून चांगला आहे.

तिसरं_सेमिस्टर
काका, खेळायला विद्यार्थी ओळखपत्र लागतं.

सात_रस्ता_सिग्नल
मुलीचं आहे. बीकॉम दुसरं वर्ष.

तिसरं_सेमिस्टर
मग मुलीला पाठवा, पावणेसहाला. तुम्ही फक्की मारायला या.